बाटली खाली, नळी सरळ

आमच्या घरात एक नियम आहे. जेवताना माझे किस्से बंद! पाहुणे आले की बंद. सुनेच्या माहेरचं कुणी आलं, तर मी तोंड उघडायच्या आधीच मुलगा म्हणतो, "आई, हवापाण्याचं बोल." आता मी जन्मभर नर्सची नोकरी केली, तीही लघवीच्या पेशंटांत. माझ्या हवापाण्यात दुसरं काय असणार! मग हे किस्से आत साचत राहतात. आणि साचलेलं वेळेवर मोकळं केलं नाही तर काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

तुम्ही आपली माणसं. चहाही पिऊन झालाय. तेव्हा ऐका.

सत्तरच्या दशकातली भिवंडी. धामणकर नाक्याच्या जरा अलीकडे आमच्या डॉक्टरांचा छोटा दवाखाना होता. खाली ओपीडी, वर खाटा. डॉक्टर सर्जन. प्रोस्टेट, मूतखडे, बायकांची गर्भपिशवी, अशी ओटीपोटाची ऑपरेशनं करायचे. ऑपरेशननंतर लघवीच्या मार्गात रबरी नळी घालून ठेवायची. आतल्या टोकाला छोटासा फुगा, तो पाण्यानं फुगवला की नळी निसटत नाही. बाहेरचं टोक बाटलीत. आत्तासारख्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आमच्याकडे कुठल्या! सलाईनची काचेची रिकामी बाटली उकळून घ्यायची, गळ्याला दोरी बांधायची, झालं. खाटा थोड्या आणि पेशंट ढीगभर. म्हणून माणूस जरा सावरला की नळीसकट घरी पाठवायचं, आणि मी घरोघर जाऊन बघून यायचं, ही माझी ड्युटी.

डॉक्टर बोलायला महाकंजूष. घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला ते एवढंच सांगायचे, "बाटली खाली, नळी सरळ, पाणी भरपूर." आमच्या आयामावशींनी त्याला चाल लावली होती. फरशी पुसताना त्या हे गुणगुणायच्या, आणि वरच्या मजल्यावरचे पेशंट साथ द्यायचे!

* * *

पहिला मान खारबावच्या धोंडूकाकांचा. वय सत्तरीचं, पण आवाज असा की शेतातून हाक मारली तर चार शेतं सोडून पलीकडचा माणूस वळून बघेल. प्रोस्टेटचं ऑपरेशन छान झालं, काका घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा सायकल हाणत दवाखान्यात हजर.

"बाय, बाटलीत टिपूस न्हाय! बा नुसता कण्हतोय. पोट दगडासारखं झालंय!"

डॉक्टरांनी स्कूटर काढली, मी मागे बसले. वाटेत दोघांच्याही मनात एकच. रक्ताची गुठळी अडकली असणार. नळीतून पाणी मारून ती सुटली तर ठीक, नाहीतर काकांना परत टेबलावर घ्यावं लागणार. सत्तरीच्या माणसाला इतक्या लगेच पुन्हा भूल द्यायची म्हणजे गंमत नव्हती.

घरात शिरलो. काका खाटेवर तळमळत होते. नळी अंगातून निघून भिंतीवरून वर गेली होती आणि बाटली उंच खुंटीला टांगलेली!

"अहो, ही वर कुणी बांधली?" मी ओरडलेच.

"मीच," काकू ठसक्यात म्हणाल्या. "दवाखान्यात बाटली वरच होती की! हीच तर बाटली. मी वळखते ना."

बाटली खरंच तीच होती, सलाईनची!

डॉक्टरांनी बाटली काढून खाटेखाली विटेवर ठेवली. बुडबुडे आले आणि धार सुरू झाली. जसजशी बाटली भरत गेली, तसतसा काकांचा चेहरा उमलत गेला. शेवटी त्यांनी असा काही सुस्कारा सोडला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

डॉक्टर म्हणाले, "काकू, वरची बाटली देते. खालची घेते."

"मंग असं सांगायचं ना!" काकू म्हणाल्या. "मला वाटला, जेवढा बाहेर येतंय तेवढा परत आत घालायचा असंल!"

* * *

आता गुरुजींचा छोटासा किस्सा. शाळेतून रिटायर झालेले, शिस्तीचे भोक्ते. मी घरी गेले तर गुरुजी छताकडे बघत काठीसारखे ताठ पडलेले. हात बाजूला, पाय जुळवलेले. बायको रडवेली.

"काल घरी आल्यापासून असेच आहेत. कूस बदलत नाहीत, गुडघा वाकवत नाहीत. जेवतात तेसुद्धा असंच. काही बिघडलंय का हो?"

"गुरुजी, दुखतंय का?"

"नाही," गुरुजी छताला म्हणाले. "डॉक्टरांची आज्ञा आहे. सरळ."

"अहो गुरुजी, सरळ नळी! तुम्ही नव्हे!"

* * *

करीमचाचा पॉवरलूमवरचे जुने कारीगर, उत्तरेकडून तरुणपणी आलेले. लूमच्या कारखान्यावरच्या पोटमाळ्यात त्यांचं बिऱ्हाड. खाली, शेजारी, समोर, सगळीकडे लूमच लूम. दिवसभर असा खडखडाट की भांड्यातलं पाणीसुद्धा थरथरायचं. चाचींचा आवाज लग्नानंतर कधी नीट ऐकलाच नाही, म्हणूनच संसार टिकला, असं चाचा म्हणायचे.

बाण्याचं, म्हणजे आडवं सूत ज्या कांडीवर भरतात तिला ही मंडळी नरी म्हणतात. चाचांना नळी लावली तेव्हा ते मला म्हणाले, "सिस्टर, सारी उमर नरी भरी. अब बुढ़ापे में नली खाली कर रहा हूँ!"

तर मी त्यांना बघायला गेले. मावशी सोबत होत्या. बाटली जागेवर, रंग चांगला. पण नळीच्या बाजूनं गळतंय का, कळ येते का, हे विचारायला हवं. आता असल्या गोष्टी आपण हळू आवाजातच विचारतो. मी हळू विचारलं. चाचांनी कानामागे हात लावला. मी जरा मोठ्यानं विचारलं. चाचांनी मान हलवली, ऐकू येत नाही. पडद्याआडून चाची ओरडल्या, "ज़ोर से बोलो, बेटी!"

मग मी पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "चाचा! पेशाब बराबर उतर रहा है क्या?"

आणि त्याच क्षणी लाईट गेली.

भिवंडीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांनाच ती शांतता कळेल. एका दमात सगळे लूम बंद! आणि त्या शांततेत माझा प्रश्न खिडकीतून बाहेर पडला, गल्लीभर फिरला आणि समोरच्या कारखान्यावर आपटून परत आला.

मग खालून आवाज आला, "हमारा तो बराबर है, सिस्टर!"

समोरून दुसरा, "इधर भी सब ठीक!"

मग लांबून एक बारीक आवाज, "मेरा थोड़ा जलता है!"

सगळी गल्ली हसायला लागली. मावशी तर जिन्यातच बसल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं. चाचा मात्र शांतपणे म्हणाले, "लाइट आने दो. फिर जवाब देता हूँ."

दुसऱ्या दिवशी ओपीडीत सगळ्यांच्या मागे एक तरुण कारागीर टोपी चुरगाळत उभा होता. त्याचा नंबर आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "सिस्टर, वो कल जलता है बोला था ना... वो मैं."

मूतखडा निघाला. वेळेत आला म्हणून किडनी वाचली!

* * *

परत धोंडूकाकांकडे येऊ. बाटली खाली आल्यापासून काकांची तब्येत झकास. ते दिवस नसबंदीच्या धास्तीचे. गावात जीप थांबली किंवा पांढरी साडी दिसली की पुरुषमंडळी गायब! हे मला ऐकून माहीत होतं, पण आपलीही साडी पांढरीच आहे, हे काही डोक्यात आलं नाही.

एसटीतून उतरून मी खारबावात शिरले. लांबून एकानं मला पाहिलं आणि शीळ घातली. बघता बघता गाव रिकामं! पारावरचे पत्ते तसेच पडलेले, बिडी अजून धुमसतेय, पण माणूस नाही. कुणी शेतात, कुणी गवताच्या गंजीमागे.

काकांच्या घरी पोचले तर खाट रिकामी.

"काका कुठायत?"

काकूंनी कपाळाला हात लावला. "पळाला ना! तुमालाच बघून पळाला. मी वरडते, आरं आपली शिष्टर हाय. पण आयकतोय कोण!"

मी मागच्या दारात गेले. भाताच्या खाचरातून बांधाबांधानं एक धोतर पळत होतं. नळी ओढली गेली तर? आतला फुगा तसाच फुगलेला, रक्त यायला लागलं तर?

"काका! थांबा! मी दवाखान्यातली!"

काका थांबले. वळून त्यांनी डोळ्यांवर हात धरून मला निरखलं, मग सावकाश परत आले. मी त्यांना खाटेवर झोपवलं आणि सगळं तपासलं. नळी जागेवर, रक्ताचं नाव नाही, लघवी स्वच्छ.

"काका, सत्तरीच्या माणसाला कोण धरून नेणार होतं?"

"काय सांगावा," काका धापा टाकत म्हणाले. "सरकार हाय."

मी दवाखान्यात येऊन हे डॉक्टरांना सांगितलं. ते कधी न हसणारे डॉक्टर! त्यांनी एकच विचारलं, "पळताना बाटली कशी होती?"

मी म्हटलं, "डॉक्टर, तेच तर सांगतेय. इतक्या घाईत पळाले, पण बाटली शेवटपर्यंत गुडघ्याच्या खाली!"

डॉक्टर आत गेले आणि दार लावून हसले. आम्हाला बाहेर ऐकू येत होतं.

* * *

पुढच्या आठवड्यात काका नळी काढायला एकटेच एसटीनं भिवंडीला आले. बाटली मांजरपाटाच्या पिशवीत, पिशवी हातात, नळी धोतराच्या निऱ्यांतून. हातभट्टीवाल्यांची धरपकड जोरात होती. स्टँडबाहेर एका हवालदाराला पिशवीत काच वाजल्याचा संशय आला. पुढचं संभाषण हवालदारानंच आम्हाला दवाखान्यात येऊन सांगितलं, तेही डोळे पुसत पुसत.

"पिशवीत काय आहे?"

"बाटली."

"बाटलीत काय?"

"घरचीच हाय, साहेब."

"घरची? रोज किती काढतोस?"

"आधी थेंब थेंब यायची. लई तरास. आता डाक्टरच्या किरपेनं धो धो!"

"कोण डॉक्टर? तोही सामील आहे?"

"सामील म्हंजे? त्यानंच तर सगळा करून दिला!"

हवालदारानं पिशवीत हात घातला. बाटली वर काढली, उन्हात धरली. रंग बघितला. मग त्याला नळी दिसली.

"आणि ही नळी कुठं जाते?"

काकांनी आपल्या ओटीपोटावर थाप मारली. "भट्टी हितं हाय, साहेब! करा जप्त!"

तो भला माणूस होता. उन्हातून म्हाताऱ्याला एकटं कशाला पाठवायचं म्हणून तो स्वतः सोबत आला. आम्ही खिडकीतून बघत होतो. पुढे धोंडूकाका रुबाबात चाललेले, मागे खाकी कपड्यातला हवालदार बाटली घेऊन. आणि काका दर दहा पावलांवर वळून ओरडतायत, "खाली धरा साहेब, खाली! वर न्हाय!"

* * *

नानाशेठची गवताची मोठी वखार होती. माणूस तसा वाईट नव्हता, पण घरात तोंडातून शब्द निघेल तर शपथ. जेवण झालं की ताट सरकवायचं, पाणी हवं असलं की तांब्या वाजवायचा. बायको, आम्ही त्यांना नानी म्हणायचो, त्यांची गर्भपिशवी काढली आणि मूत्राशयही जरा वर उचलून शिवलं. नळीसकट त्या घरी गेल्या.

घरात दुसरी बाई नाही. मुली सासरी. मी नानाशेठना समोर बसवून बाटली रिकामी कशी करायची, हात साबणानं कसे धुवायचे, सगळं दाखवलं. "रंगाकडे लक्ष ठेवा. गडद झाली की पाणी कमी पडतंय. गढूळ झाली, वास आला किंवा थंडी वाजून ताप आला, तर लगेच कळवा."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं, आता या बाईचं कठीण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाशेठ ओपीडीत. सगळ्या पेशंटांच्या डोक्यावरून गरजले, "सिस्टर! आज सुक्या पेंढ्यासारखी!"

"काय?"

"रंग हो! सुका पेंढा. दुपारी दोन तांबे पाजले, तर कवळ्या गवतासारखी झाली!"

त्यानंतर रोज बातमी. गवताच्या जितक्या छटा त्या माणसाला ठाऊक होत्या, तितक्या आमच्या औषधाच्या बाटल्यांनाही नव्हत्या. वखारीतून दर थोड्या वेळानं उठून घरी जायचे. गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तर सांगायचे, "थांबा जरा, घरी पाणी द्यायचंय."

आम्हाला एकदाच घाबरवलं त्यांनी. धावत आले, "ताकासारखी!"

मी आणि मावशी टांगा करून पळत गेलो. जंतू झाले असणार! जाऊन बघते तर लघवी लख्ख. नानी हसतायत.

"अहो, ताक ठेवून दिल्यावर वर जे पाणी येतं ना, त्या पाण्यासारखी," नानाशेठ म्हणाले. "चांगली म्हणून सांगत होतो!"

ठरल्या दिवशी मी नळी काढायला गेले. सामान मांडलं, हात धुतले. नानाशेठ बाहेर गरम पाणी आणायला गेले. नानींनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "सिस्टर, अजून चार दिवस राहू द्या ना."

"का हो? दुखतंय?"

"दुखत काही नाही." त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली. 'पाणी प्यायलीस का?' म्हणून हा माणूस पहिल्यांदाच विचारतोय!"

* * *

आता मथीचं सांगते.

मथी वज्रेश्वरीच्या अलीकडच्या एका गावातली, विशी नुकतीच ओलांडलेली. काही वर्षांपूर्वी पहिलं बाळंतपण अडलं. दोन दिवस कळा देत पडून होती. मूल गेलं आणि मुलाच्या डोक्याच्या दाबानं मूत्राशयाला भोक पडलं. तेव्हापासून लघवी सतत गळायची. झोपेत, चालताना, कामात, थांबणं म्हणून नाही. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं. माहेरी वहिनीनं गोठ्याच्या पडवीत जागा दिली. वास येतो म्हणून कुणी जवळ बसेना.

ती पहिल्यांदा आली तेव्हा बाक रिकामं होतं, तरी दारापाशी उभी. एसटीतही उभ्यानंच आली होती. मावशी म्हणाल्या, "बस गं पोरी." ती म्हणाली, "नगं. बाक वलं व्हईल."

डॉक्टर तिला मुंबईला आपल्या जुन्या सरांकडे घेऊन गेले. तिथे दोघांनी मिळून ऑपरेशन केलं. काही दिवस तिकडे ठेवून मग आमच्याकडे आणलं, आणि आमच्या खाटा भरल्या तेव्हा तिची आई म्हणाली, "मी नेतंय घरी. मी बसतंय बाटलीपाशी."

त्या दिवशी डॉक्टर तीन वाक्यांवर थांबले नाहीत. म्हाताऱ्या आईसमोर उकिडवे बसून त्यांनी सांगितलं, "आतली शिवण कोवळी आहे, आई. लघवी आत साचली तर पिशवी ताणली जाईल आणि शिवण उसवेल. परत शिवता येईलच असं नाही. नळी वाहती राहिली पाहिजे. दिवसरात्र."

आईनं मला विचारलं, "म्हंजे मी काय करू?"

मी म्हटलं, "चुलीवर दूध ठेवल्यावर कशा बघत बसता, तसं बघत बसा. थेंब पडतोय ना, एवढंच बघायचं. थांबला की आम्हाला गाठा."

मधल्या एका दिवशी मी बघायला गेले. अंगणात पाऊल टाकते तोच म्हातारी धावत आली. "बाय, थांबली! आत्ताच थांबली! मी तुमच्याकडंच निघालते!"

मी पिशवी टाकून आत पळाले. मथी पडून होती. दोन्ही हात पोटावर, श्वाससुद्धा जपून घेत होती. ओठ पांढरे पडलेले. मला बघून नुसती म्हणाली, "बाय, गेली का शिवण?"

भोवती बायकांची गर्दी. ऑपरेशन झालंय म्हटल्यावर सगळं गाव बघायला लोटलेलं. मी गुडघ्यावर बसले, मांडीपासून नळी बोटांत धरली आणि चाचपत चाचपत निघाले. गोधडीखालून, चटईवरून, पुढे... आणि नळी एका लुगड्याखाली गेली. वर बघितलं तर मथीची वहिनी. मथीला अगदी खेटून बसलेली, हातात पेजेची वाटी, मथीच्या तोंडाशी चमचा धरलेला.

"उठा! नळीवर बसलात!"

वहिनी ताडकन उठली. पेज सांडली. आणि बाटलीत टप, टप, मग धार. वेळ फार गेला नव्हता, सगळं वाचलं. रंग नितळ होता.

वहिनी भिंतीला टेकून रडायला लागली. "मला काय म्हाईत! मी आपली जवळ बसाया गेले. एवढ्या वर्सांत कदी बसले न्हाय म्हून..."

मथीनं हात पुढे केला. "बस की, वैनी. ह्या अंगाला बस."

नळी काढायचा दिवस आला. डॉक्टरांनी फुग्यातलं पाणी काढून घेतलं आणि नळी अलगद बाहेर आली. मी तिला तांब्याभर पाणी दिलं. "पी. इथंच फिर. लागली की लगेच सांग, फार वेळ थांबायचं नाही."

"लागल्यावर कसं कळंल, बाय?" मथीनं विचारलं. विसरली होती ती!

मी म्हटलं, "कळेल."

ओपीडी गच्च भरलेली. ती सवयीनं दारापाशीच उभी राहिली. मी इंजेक्शनं देत होते, पण डोळे तिच्या पायाखालच्या फरशीवर. मावशी तिथंच फडका घेऊन उगाच दार पुसत होत्या. डॉक्टर पेशंट तपासता तपासता पडदा बाजूला करून बघत होते. फरशी कोरडी. थोड्या वेळानं परत बघितलं, कोरडी. म्हातारी आई खाली बसून लेकीच्या पावलांवरून नजर हलवत नव्हती.

मध्येच मथीनं माझा दंड घट्ट धरला. डोळे विस्फारलेले, अंग ताठ. गेलं सगळं, मला वाटलं.

"काय गं? काय झालं?"

"बाय..."

"बोल ना!"

"बाय, मला लागली!"

आख्खी ओपीडी वळली. निम्मे पुरुष. तिला कशाचं भान नव्हतं. "आये! मला लागली! लागलीय मला!"

आईनं तोंडात पदर कोंबला. मावशींच्या हातातला फडका गळून पडला. डॉक्टर स्टेथोस्कोप कानात तसाच ठेवून बाहेर आले.

"अगं मग जा की!" मी म्हटलं. "मावशी, न्या तिला मागे!"

मथी जागची हलेना. गुडघे जुळवून, डोळे मिटून, ओठ आवळून उभी. गालांवरून पाणी वाहतंय आणि तोंडभर हसू.

"मथे, जा ना गं!"

"जाते, बाय," ती डोळे न उघडताच म्हणाली. "उलीशी थांबा. मला जरा थांबवून बघू द्या!"